आईची वही आणि तासांचा हिशोब

आई पडली त्याला या महिन्यात चार वर्षं होतील. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी फाईल हातात देताना सांगितलं की घरी चोवीस तास माणूस ठेवा. बास, एवढंच. कशासाठी माणूस, किती महिने, शिकलेली नर्स हवी की साधी मदतनीस, यातलं काही ते बोलले नाहीत आणि आम्ही तिघा भावंडांनीही विचारलं नाही, कारण त्या दिवशी आमच्या डोक्यात फक्त एकच होतं की तिला घरी नेताना दुखायला नको.

मग घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन केला, चोवीस तासांची बाई आली, आणि पहिल्या महिन्याचं बिल बघून दादा बराच वेळ काही बोललाच नाही. आईचं फॅमिली पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून जेवढे पैसे येतात त्याच्या जवळजवळ अडीच पट तो आकडा होता, आणि त्यात डायपर, अंडरपॅड, औषधं, फिजिओथेरपी काहीच धरलेलं नव्हतं. आम्ही एक ठेव मोडली. पुढच्या महिन्यात दुसरी मोडली. तेव्हा दादा म्हणाला की याच वेगाने गेलो तर दोन-सव्वादोन वर्षांत आईचं सगळं संपेल, आणि आईच्या आईने तर नव्वदी ओलांडली होती.

मला गेल्या काही दिवसांत दोन-तीन जणींनी हेच विचारलं की तुम्ही पैशाचं कसं जमवलं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. जादू काही केलेली नाही. पण आम्ही पहिले तीन महिने "पैसे आणायचे कुठून" एवढंच एकमेकांना विचारत होतो आणि त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचं राहून गेलं होतं, तो म्हणजे माणूस नक्की कुठल्या तासाला लागतो.

हे सुचलं ते फिजिओच्या मॅडमना. त्या म्हणाल्या, एक वही करा आणि सात दिवस दर तासाला लिहा की आईला काय लागलं आणि कोणी केलं. मला आधी वाटलं कशाला हा उद्योग, घरात एवढी धावपळ चाललीये आणि त्यात लिहायचं कधी, पण धाकट्या बहिणीने मनावर घेतलं आणि ती, मी आणि मावशी (म्हणजे ब्यूरोकडून आलेल्या बाई, त्यांना आम्ही पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणतो) अशा तिघींनी सात दिवस लिहिलं. आणि वही वाचल्यावर चित्र एकदम वेगळंच निघालं. सकाळी साडेसहा ते साडेनऊ सगळ्यात जास्त काम, तेव्हा दोन हात पुरत नव्हते. दुपारी एकदा, संध्याकाळी दीड तास, रात्री दोनदा उठवून बाथरूमला. बाकी वेळ आई झोपलेली, नाहीतर खिडकीशी बसलेली, नाहीतर टीव्ही बघत. आठवड्याच्या १६८ तासांपैकी जेमतेम चाळीस तास कुणाचे तरी हात लागत होते, आणि उरलेल्या वेळात घरात कुणीतरी असणं लागत होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्ही दोन्हीसाठी एकाच दराने पैसे मोजत होतो!

मॅडमनी मग एक जुनी यादी समजावली. सिडनी कॅट्झ नावाचे अमेरिकन डॉक्टर होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ती मांडली, आणि गंमत म्हणजे त्यांनी सुरुवात केली होती ती खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या पेशंटवरूनच. सहा गोष्टी बघायच्या. अंघोळ, कपडे घालणं, संडास-बाथरूमला जाणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर येणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. कॅट्झ यांना असंही दिसलं होतं की माणसाच्या हातून आधी अंघोळ सुटते आणि जेवण सगळ्यात शेवटी, आणि सुधारणा होताना क्रम उलटा असतो. आमच्या आईचं अगदी तसंच चाललं होतं, जेवायला ती स्वतः लागली होती, कपड्यांना थोडा हात लागायचा, पण पलंगावरून उठवायला दोन माणसं. आणि ही उठवायला दोन माणसं लागणं हीच सगळ्यात महाग गोष्ट होती, कारण घरात सतत दुसरा माणूस ठेवावा लागत होता.

म्हणून पुढचे दोन महिने आम्ही सगळा जोर त्या एका गोष्टीवर लावला. फिजिओथेरपी आठवड्यातून पाच वेळा केली, खरं तर खर्च कमी करायचा असताना हा खर्च वाढवताना हात थरथरत होता, पण केली. पलंग बदलला, भाड्याने वरखाली होणारा आणला, कारण जुना पलंग इतका बुटका होता की त्यावरून उठताना चांगल्या माणसाच्याही गुडघ्यांवर जोर यायचा. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडे लावले, पलंगाशेजारी कमोड चेअर आली. मावशींना मॅडमनी कमरेच्या पट्ट्याने उठवायचं शिकवलं. आणि दहाव्या आठवड्यात आई एका माणसाच्या आधाराने उठायला लागली. त्या दिवशी मी रडले, आणि त्यात हिशोबाचा भाग किती होता आणि आनंदाचा किती हे मला आजही सांगता येणार नाही.

रात्रीचंही असंच. आईची लघवीची गोळी संध्याकाळी होती, मी डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी ती सकाळी केली. (कृपया हे आपल्या मनाने करू नका, डॉक्टरांनाच विचारा.) रात्री दोनदाचं उठणं बहुतेक रात्री एकदावर आलं आणि जागी राहणारी नाईट ड्यूटी लागेना, घरात झोपणारं कुणीतरी पुरायला लागलं.

सगळंच जमलं असं नाही. कॅमेरा लावला होता, वाटलं की ऑफिसमधून बघता येईल म्हणजे दुपारचे तीन तास कोणी नसलं तरी चालेल. एका दुपारी मी त्या स्क्रीनवर आईला खुर्चीतून हळूहळू घसरताना बघितलं आणि मी होते पाऊण तासाच्या अंतरावर. शेजारच्या काकू धावल्या म्हणून निभावलं. कॅमेरा काढला नाही, पण त्याच्या भरवशावर माणूस कमी करायचा नाही हे तेव्हाच ठरलं.

आता पैशाकडे येते. आम्ही तिघंही एक चूक करत होतो, आईचे पैसे "वाचवत" होतो. दादा स्वतःच्या खिशातून घालत होता, मी माझ्या, आणि आईच्या ठेवींना हात लावायला लागला की आम्हाला अपराधी वाटायचं. आणि आई काय करत होती, तर मावशींना सांगत होती की तू उद्यापासून येऊ नकोस, मी बरी आहे. आम्हाला वाटलं हट्ट करतेय. एका संध्याकाळी आम्ही बाहेरच्या खोलीत हळू आवाजात हिशोब करत बसलेलो, तर आतून आवाज आला, "पासबुक माझं आहे ना, मग ते घेऊन इकडे येऊन बसा."

गेलो. तिने चष्मा मागितला, प्रत्येक पान बघितलं, मग म्हणाली, "एवढे आहेत? मला वाटलं संपले, म्हणून मी तिला नको म्हणत होते." दादा म्हणाला, अगं ते तुझ्यासाठी राहू देत. तर ती म्हणाली, "अरे मग मी कोणासाठी आहे? तुझ्या बाबांनी माझ्या म्हातारपणासाठीच ठेवले होते, आणि म्हातारपण अजून यायचं राहिलंय का?"

त्यानंतर आमचा नियम झाला की आधी आईचं उत्पन्न, मग आईची बचत, आणि त्याच्यावर लागेल ते आम्ही. आणि आईसमोर बसूनच. हे ऐकायला सोपं वाटतं पण कितीतरी घरांत याच्या बरोब्बर उलट होतं, मुलं स्वतःची पन्नाशीतली बचत मोडतात, स्वतःच्या म्हातारपणासाठीचं काही शिल्लक ठेवत नाहीत, आणि आईवडिलांच्या ठेवी तशाच पडून राहतात. मग वीस वर्षांनी पुढच्या पिढीसमोर हाच प्रश्न.

कागदांचं मात्र लगेच करा, म्हणजे खरंच या आठवड्यात. पैशाचे व्यवहार सांभाळणं ही स्मृतिभ्रंशात अगदी लवकर सुटणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे, माणूस छान गप्पा मारतो, नावं ओळखतो, पण चेकवर रक्कम चुकते. आणि बऱ्याच लोकांना माहीत नसतं की साधं मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) बऱ्याच ठिकाणी माणसाची निर्णय घ्यायची क्षमता गेली की चालत नाही, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी निरुपयोगी. काही देशांत त्यासाठी वेगळं, क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, काही ठिकाणी कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. वकिलाला हाच एक प्रश्न स्पष्ट विचारा. नॉमिनी लावलाय म्हणून निवांत राहू नका, नॉमिनीचा उपयोग माणूस गेल्यावर, जिवंतपणी खातं चालवायला जॉइंट नाव लागतं, आणि तेही दोघांपैकी कुणाचीही सही चालेल अशा पद्धतीचं. आईची सही ऑपरेशननंतर जुळेनाशी झाली आणि एक ठेव वटवायला आम्हाला सात आठवडे लागले, त्या सात आठवड्यांचे पैसे दादाने क्रेडिट कार्डावर ओढले, त्याचं व्याज वेगळं.

विम्याचं सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे, निदान आमचा तरी होता. आईचा आरोग्य विमा होता, वीस वर्षं हप्ते भरलेला. ऑपरेशनचं बिल त्यांनी दिलं. घरच्या मावशींचं एक रुपयाही नाही, आणि पॉलिसी नीट वाचल्यावर कळलं की ते पैसे मिळणारच नव्हते. आरोग्य विमा उपचारासाठी असतो. ड्रेसिंग, इंजेक्शन, नर्सने करायचं काम हे काही पॉलिसींत काही दिवसांपुरतं घरीही मिळतं, पण अंघोळ घालणं, उठवणं-बसवणं, सोबत राहणं हे उपचारात धरत नाहीत. अमेरिकेतलं मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, तोसुद्धा ही नुसती रोजची मदत दीर्घकाळ देत नाही, तिथेही लोक याच भिंतीवर आपटतात.

या मदतीसाठीचा विमा वेगळा असतो, दीर्घकालीन काळजीचा विमा. त्यात पैसे कधी सुरू होणार हे वर सांगितलेल्या त्या सहा गोष्टींवरच ठरतं, अमेरिकेत साधारणपणे सहापैकी दोन जमत नसतील किंवा गंभीर स्मृतिभ्रंश असेल तर, सिंगापूरच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेत साधारण तशाच, थोड्या वेगळ्या यादीतल्या सहापैकी तीन. आणि वर सुरुवातीचे काही दिवस, बऱ्याचदा ९० दिवस, स्वतःच्या खिशातून काढावे लागतात. हा विमा तब्येत चांगली असतानाच घ्यावा लागतो, आई पडल्यावर तो आम्हाला कुणी दिला नसता. आणि घेणार असाल तर हप्ता पुढे वाढू शकतो का हे आधी विचारा, कारण अमेरिकेत सुरुवातीच्या पॉलिसी विकणाऱ्या कंपन्यांचा अंदाज चुकला होता, लोक जास्त जगले, पॉलिसी मध्येच सोडणारे धरल्यापेक्षा कमी निघाले, व्याजदर पडले, आणि मग सत्तरी-पंचाहत्तरीतल्या लोकांचे हप्ते जबरदस्त वाढवले गेले, म्हणजे ज्या वयात उपयोग होणार नेमकं त्याच वयात परवडेना.

सरकारी मदतीचं देशागणिक इतकं वेगळं आहे की एक उत्तर देता येत नाही. पण अर्ज न करता सोडू नका. जिथे जिथे आपल्या माणसाने नोकरी केली, वर्गणी भरली, सैन्यात होता, संघटनेचा सभासद होता, त्या सगळ्या जागांची यादी करून प्रत्येक ठिकाणी विचारायचं. आमच्याकडे काय झालं, तर बाबांच्या पेन्शनच्या नियमात एका वयानंतर फॅमिली पेन्शन वाढतं असं कलम होतं आणि आईचं ते वय दीड वर्षापूर्वीच उलटलेलं होतं, तरी वाढ लागलीच नव्हती. जन्मतारखेची नोंद नव्हती म्हणे. धाकटीने पाच चकरा मारल्या, थकबाकीसकट मिळालं, आणि त्या थकबाकीतून पलंगाचं आणि फिजिओचं पूर्ण निघालं. इंग्लंडमध्ये अटेंडन्स अलाउन्स नावाचा भत्ता तर उत्पन्न आणि बचत न बघता मिळतो, पण तोसुद्धा मागितल्याशिवाय मिळत नाही. करसवलतीचंही तसंच, औषधं, उपकरणं, मदतनीस यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका डब्यात टाकत जा, नंतर काय चालतं ते बघता येतं, पावतीच नसेल तर बघायलाही काही उरत नाही.

आता सगळ्यात नाजूक, भावंडं.

धाकटीने पहिल्या वर्षीच नोकरी सोडली आणि आईकडे राहायला आली. तेव्हा आम्ही दोघं म्हणालो, वा, किती मोठं मन, आणि मनातून सुटलो. खर्चाच्या वहीत दादाचे पैसे लिहिले जात होते, माझे लिहिले जात होते, धाकटीच्या रकान्यात शून्य. म्हणजे जी सगळ्यात जास्त देत होती तिच्यासमोर शून्य! आणि दादाला खरंच वाटायला लागलं होतं की मीच सगळं ओढतोय. एका रविवारी ते फुटलं. धाकटी ओरडली नाही, तिने फक्त ती तासांची वही आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, ब्यूरोच्या दराने माझे तास मोज."

मी मोजले. दादाच्या दुप्पट आले. शिवाय तिचा गेलेला पगार, भविष्यनिधीत न गेलेले पैसे, पुन्हा नोकरी शोधताना पडणारा खंड हे कुठेच नव्हतं.

त्या काळात मी वाचत होते की बाकीच्या देशांनी याचं काय केलं, आणि दोन उत्तरं सापडली, एकमेकांच्या विरुद्ध. जर्मनीने १९९५ मध्ये काळजी विमा सक्तीचा केला, त्यात घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी रोख पैसे घेता येतात, बाहेरच्या सेवेपेक्षा रक्कम कमी पण रोख. जपानने २००० मध्ये आणला, चाळिशीपासून सगळ्यांनी वर्गणी भरायची, आणि म्हातारपणी सेवा मिळते, खर्चाचा दहा टक्के वाटा आपला, जास्त उत्पन्नवाल्यांचा वीस किंवा तीस. पण जपानने घरच्यांना रोख द्यायचं नाही असं ठरवलं, आणि त्यामागे तिथल्या बायकांच्या संघटनांचा मोठा वाटा होता, त्यांचं म्हणणं की पैसे हातात ठेवले की सून-मुलगी आणखीच त्या पलंगाला बांधली जाईल, आम्हाला पैसे नकोत, आमच्या जागी येणारा माणूस द्या. मी ते दोनदा वाचलं आणि धाकटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला दोन्ही हवंय, थोडे पैसे आणि थोडा माणूस.

तेच केलं. आईच्या खात्यातून धाकटीला दर महिन्याला ठरावीक रक्कम, आईच्या सहीने, एका कागदावर लिहून, तास किती, काम काय, सुट्टी किती, आणि आम्ही दोघांनीही त्यावर सह्या केल्या, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हिने आईचे पैसे घेतले. (अशा पैशावर कर लागू शकतो, विचारून घ्या.) तिच्या निवृत्तीसाठीचा हप्ता दादा भरतो. आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि वर्षातले तीन आठवडे ती घरात नसते आणि तेव्हा मी किंवा दादा राहतो, पैसे पाठवून भागत नाही, राहायला यायचं. दादा पहिल्यांदा तीन आठवडे एकटा राहिला त्यानंतर त्याने हिशोबावरून एकदाही वाद घातला नाही. आणि दोन वर्षांनी धाकटीने अर्धवेळ काम पुन्हा सुरू केलं.

घराचं पण बघितलं होतं. घर आईच्या नावावर आहे आणि ते आमच्या नावावर करून टाकायचा सल्ला आम्हाला किती जणांनी दिला! करू नका एवढंच म्हणेन, घर तिच्या नावावर आहे तोपर्यंत तो तिचा शेवटचा आधार आहे, विकता येतं, भाड्याने देता येतं, रिव्हर्स मॉर्टगेज घेता येतं. हे रिव्हर्स मॉर्टगेज भारतात ६० वर्षांपुढच्यांसाठी २००७ पासून आहे, अमेरिकेत सरकारी हमीचं ६२ नंतर मिळतं. बँक तुम्हाला दर महिन्याला किंवा एकरकमी पैसे देते, हप्ता भरायचा नसतो, पण व्याजावर व्याज चढत जातं आणि माणूस गेल्यावर वारसांनी फेडायचं नाहीतर घर विकलं जातं. आम्ही थांबलो ते एका अटीमुळे, तिथे राहणं सोडलं, बऱ्याच योजनांत साधारण वर्षभर सलग बाहेर राहिलं, की कर्ज परत मागू शकतात. उद्या आईला दुसरीकडे कुठे ठेवावं लागलं तर नेमकं तेव्हाच घरही जाणार. वाईट योजना आहे असं मी म्हणत नाही, ज्यांना दुसरं उत्पन्नच नाही आणि घर मोठं आहे त्यांनी जरूर बघावी, पण घाईने सही करू नये, शिवाय आमच्याकडे दुसरा मार्ग निघाला.

एक खोली रिकामी होती. ती एका शिकणाऱ्या मुलीला दिली, भाडं निम्मं, आणि त्या बदल्यात ती रात्री दहा ते सहा घरात असते. असं घर वाटून घेणं बऱ्याच देशांत संस्थांमार्फत रीतसर चालतं. आम्ही आपलं लिहून घेतलं की रात्री आवाज आला तर उठायचं, आईला कमोड चेअरपर्यंत सोबत करायची, काही वेगळं वाटलं तर फोन करायचा, आणि याच्यापलीकडचं काही तिच्याकडून घ्यायचं नाही. डायपर बदलायचे दिवस येतील तेव्हा ते तिचं काम नसेल. परीक्षेच्या महिन्यात तिला सूट. रात्रीचा खर्च संपला, थोडं भाडं येतं, आणि आईला रात्री नऊला गप्पा मारायला कोणीतरी नवीन मिळालं, ते वेगळंच.

मावशींबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. मध्यंतरी खर्च कमी करायचा म्हणून आम्ही मावशींऐवजी स्वस्त दराची बाई घेतली होती. दोन महिन्यांत तीन जणी बदलल्या. रोज नवीन हात, नवीन सवयी, कुणालाच माहीत नाही की आईला डाव्या कुशीवर किती वेळ ठेवायचं, आणि त्या काळात आईला पाठीला बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला. तो भरायला चार महिने लागले, रोजचं ड्रेसिंग, एअरबेड, डॉक्टरांच्या व्हिजिट. दर कमी करून जे वाचलं होतं त्याच्या कितीतरी पट त्यात गेलं आणि आईने जे सोसलं त्याचं काय. म्हणून खर्च कमी करायचा तर तासांत करा, दरात करू नका. ब्यूरो आपला हिस्सा कापून घेतं, थेट ठेवलं तर तेवढ्याच पैशात मावशींना जास्त मिळतात, पण मग बदली माणूस, पगारी सुट्टी, त्यांचं आजारपण ही जबाबदारी आपली, आणि कायद्याने जे देणं लागतं तेही. आमच्या आताच्या मावशी (पहिल्याच, त्या परत आल्या) थेट आहेत, रोज सकाळी चार तास आणि संध्याकाळी दोन, आठवड्याची सुट्टी, दरवर्षी पगारवाढ, आणि घरच्या बाकीच्या कामांना त्यांना कुणी हात लावायला सांगायचा नाही. बदलीसाठी ब्यूरोचं नाव नोंदवून ठेवलंय.

दादाने एक कागद केलाय तो मला फार उपयोगी वाटतो. महिन्याचा एकूण खर्च वजा आईचं उत्पन्न, जी तूट येते तिने आईच्या बचतीला भागायचं, की किती महिने पुरेल ते कळतं. त्यात मावशींची पगारवाढ दरवर्षी धरायची, कारण व्याज वाढत नाही आणि पगार वाढतोच. आणि तीन महिने पूर्ण चोवीस तासांचा माणूस ठेवायला लागला तर जेवढे लागतील तेवढे वेगळे, पटकन हातात येतील असे ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. पहिल्या महिन्यात तो कागद सव्वीस महिने म्हणत होता. आता चार वर्षं झाल्यावरही तो सहा वर्षं म्हणतोय.

म्हणत होता, म्हणायला हवं. गेल्या दोन महिन्यांपासून आई विसरायला लागलीये. परवा तिने मावशींना विचारलं की तुम्ही कुणाकडे आलात. संध्याकाळी अस्वस्थ होते, दाराशी जाऊन उभी राहते. आता प्रश्न हातांचा राहिलेला नाही, नजरेचा झालाय, ज्या तासांना आम्ही "नुसतं कोणीतरी घरात हवं" म्हणत होतो तेच तास आता अवघड झालेत. दिवसभराच्या एका केंद्राची चौकशी करतेय, तिथे सात-आठ जणांमागे दोन माणसं असतात म्हणून घरी एकट्यासाठी ठेवलेल्या माणसापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं, पण आई तिथे रमेल का माहीत नाही, आधी दोन दिवस मी सोबत बसणार आहे.

धाकटीने नवीन वही आणली, पुन्हा सात दिवस. काल पाचवा होता. रात्री ३.१० ची नोंद खोलीत राहणाऱ्या त्या मुलीच्या अक्षरात आहे, "आजी उठल्या, पासबुक कुठे आहे विचारलं, उशाशी आहे म्हटल्यावर झोपल्या." रविवारी दादा येतोय, तेव्हा वही आणि कागद घेऊन आईच्या खोलीतच बसू.